चांगुणाबाईंची व्हिसाची फाइल

"दोन फॉर्म दे, बाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

मी टाइपरायटरवरून मान वर केली. समोर त्या एकट्याच होत्या. पन्नाशीच्या, हिरवट लुगडं नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. माझ्या टेबलासमोर गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या होत्या. त्या भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दुसरी रिकामी होती.

"कोण कोण जाणार?"

"आमी दोगी."

"दुसरीचा पासपोर्ट आणलाय?"

"तिचा पासपोट नाय."

"मग फॉर्म भरून काय करणार? आधी पासपोर्ट, मग व्हिसा. त्यांना पासपोर्ट काढू दे, मग बघू."

चांगुणाबाईंनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. शेजारच्या माणसाचं मत घ्यावं तसं. मग म्हणाल्या, "बरा. एकच दे."

मला वाटलं, शेजारीण वगैरे असेल आणि बेत फिसकटला असेल. मी विचारलं नाही. मला तेव्हा गिऱ्हाइकांच्या घरच्या गोष्टी ऐकायचा भारी कंटाळा होता.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची, वाशीला रेल्वे यायच्या बऱ्याच आधीची. फोर्टातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी अकरा वर्षं स्टेनो-टायपिस्ट होते. वाशीला फ्लॅट मिळाल्यावर रोजची बस नकोशी झाली आणि मी सेक्टरमधल्या शॉपिंग सेंटरमध्ये एक छोटा गाळा घेतला. बाहेर पाटी लावली : टायपिंग, फॉर्म, व्हिसाचे कागद. त्या ओळीत चौदा गाळे होते आणि त्यांतले नऊ बंद. दिवाळं निघालं म्हणून नव्हे, ते घ्यायला अजून कोणी आलंच नव्हतं. दुपारी कांदा-बटाटा मार्केटकडून येणारे ट्रक थांबले की खाडीवरचा वारा बंद शटरांवर आपटायचा, तेवढाच काय तो आवाज.

व्हिजिटर व्हिसा म्हणजे काय, ते आधी सांगते. परदेशी चार दिवस भेटीला जाऊन परत येण्याची परवानगी. ती देणारा साहेब तुम्हाला ओळखत नसतो. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात. ज्याच्याकडे जाताय तो तुमचा कोण? तिथे तुम्हाला कोण पोसणार? आणि तुम्ही परत कशावरून याल? अर्जाला जे कागद जोडतात, त्यांना आम्ही सपोर्टिंग डॉक्युमेंट्स म्हणतो. ते या तीन प्रश्नांची उत्तरं देतात. अर्जदाराने तोंड उघडायच्या आधी फाइलने बोललं पाहिजे, असा माझा हट्ट होता. माझ्या फायली परत येत नसत आणि मला त्याचा गर्व होता, हे लपवत नाही.

चांगुणाबाईंचं काम सोपं दिसत होतं. खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. नवरा काळू म्हात्रे दहा वर्षांपूर्वी गेलेला. एकुलती एक मुलगी सुमन मुंबईत नर्सिंग शिकली, अमेरिकेला गेली, तिथेच लग्न केलं. आता तीस वर्षांची, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं आणि दिवस भरायच्या आतच बाळंत होईल, असंही म्हटलं होतं. सुमनने आईसाठी इन्व्हिटेशन लेटर पाठवलं होतं. म्हणजे मी अमुक, ही माझी आई, तिचा सगळा खर्च मी करीन, असं पत्र. पासपोर्ट तयार होता.

"दोन महिन्यांत मना पोचायलाच पायजे," चांगुणाबाई म्हणाल्या. "पोर भ्यालीय. आनि मी तिच्यापेक्षा जास्ती भ्यालीय."

"पोचाल. कागद सरळ आहेत."

पहिली अडचण फोटोची आली. दोन गाळे सोडून पिंगळे फोटोवाला होता. त्याने प्रिंट आणून दिली. चेहरा ठीक होता, पण गळ्याच्या खाली एक पांढरा गोल. फ्लॅश चमकला होता. व्हिसाच्या फोटोवर असा डाग चालत नाही. त्याने दुसरा काढला. तोच गोल, थोडा मोठा. तिसरा फ्लॅश न वापरता दारातल्या उजेडात काढला. तरी गोल होताच.

पिंगळे प्रिंट घेऊन माझ्याकडे आला आणि रिकाम्या खुर्चीवर टेकला.

"तिथं नको," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या.

पिंगळे तसा वाद घालणारा माणूस. पण तो उठला आणि पुढचं सगळं उभ्यानेच बोलला. "बाई, तुमच्या गळ्यात आहे ना, ते काढा. पाच मिनिटं."

त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीची एक छोटी चपटी गोल चकती होती, एवढीशी. वरची आकृती झिजून गेली होती.

"ती काडायची नसती," चांगुणाबाई म्हणाल्या.

शेवटी पदर वर घेऊन चौथा फोटो काढला, तेव्हा डाग गेला. पिंगळे मला बाहेर गाठून म्हणाला, "तुमच्या त्या खुर्चीची सीट बर्फासारखी गार आहे हो." मी म्हटलं, वर पंखा आहे. पंखा होता, हे खरं. पण तो दोन्ही खुर्च्यांच्या वर होता.

दुसरा कागद म्हणजे नात्याचा पुरावा. सुमनच्या जन्माचा दाखला लागणार होता, त्यावर आईचं नाव असतं. तिने पासपोर्ट काढला तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, त्यामुळे जन्माची नोंद कोणी कधी काढलीच नव्हती. त्या वेळी गावोगावी जन्ममृत्यू कोतवाल लिहून ठेवायचा. त्या वहीला कोतवाल बुक म्हणतात. जन्म आणि मृत्यू एकाच वहीत, जसे होतील तसे. जुन्या वह्या तालुक्याच्या कचेरीत ठेवलेल्या असत. आपण अर्ज करायचा, रेकॉर्डचा क्लार्क शोधून उतारा देतो.

चांगुणाबाईंना मी माझ्या ऑफिसात बसायला सांगितलं, कारण मागाहून प्रतिज्ञापत्रावर त्यांचा अंगठा लागणार होता. आणि मी कचेरीत गेले. क्लार्क रिटायर व्हायला आलेला, शांत गृहस्थ. त्याने गाठोडं सोडलं, वही काढली आणि अर्ध्या तासात नोंद सापडली. काळू म्हात्रे, मुलगी एक, आईचं नाव चांगुणा. मी मनात म्हटलं, झालं काम.

क्लार्कने पान उलटलं. मग बोट खाली नेऊन एका ओळीवर ठेवलं.

"बाई, याचाही उतारा घेताय का?"

मी वाकून पाहिलं. त्याच गावची नोंद. चांगुणा, नवऱ्याचं नाव काळू म्हात्रे. मृत्यू. कारणाच्या रकान्यात, बाळंतरोग. मागच्या पानावरची जन्माची तारीख आणि ही, यांतले दिवस मी बोटांवर मोजले. मुलीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी.

"ही कोण?" मी विचारलं.

"मुलीची आई. दुसरी कोण असणार? घर तेच, नवरा तोच."

"अहो, तिचाच व्हिसा करतेय मी."

"कुठे असते ती?"

"आत्ता माझ्या ऑफिसात बसलीय."

क्लार्कने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग बसू दे तिला," एवढंच म्हणाला आणि दोन्ही उतारे लिहायला घेतले.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावत होते. लिहिणाऱ्याची चूक. नावं सारखी. चुलत जाऊ असेल. पण त्या घरात काळू एकच होता, हे मीच प्रतिज्ञापत्रासाठी विचारून घेतलं होतं. मला भीती वाटत होती. सरळ सांगते. मी देवभोळी नाही, अमावस्या-पौर्णिमा मला कॅलेंडर बघूनच कळते, पण त्या दिवशी बसमधून उतरू नये असं वाटत होतं.

शॉपिंग सेंटरला पोचले तर वीज गेलेली. पिंगळे दुकान बंद करून जेवायला गेलेला. माझं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, ऊन येतं म्हणून चांगुणाबाईंनीच ओढलं असणार. आतून बोलण्याचा आवाज येत होता. हळू, घरगुती आवाज. मधे थांबायचा, जसं समोरच्याचं ऐकून घेतोय, आणि परत सुरू व्हायचा.

मी बाहेर दोन-तीन मिनिटं उभी राहिले. माझंच ऑफिस, आणि मला आत जायचा धीर होईना. शेवटी शटर धाडकन वर ढकललं. आत चांगुणाबाई एकट्या. भिंतीकडच्या खुर्चीवर. माझ्या माठातल्या पाण्याचे दोन ग्लास टेबलावर भरून ठेवलेले, एक त्यांच्या पुढ्यात, एक दुसऱ्या खुर्चीपुढे.

मी दोन्ही उतारे त्यांच्यासमोर आपटले. भ्यायले की मी अशीच रागावते.

"मना वाचता येत नाय, बाय. तू वाच."

मी पहिला वाचला. त्यांनी मान हलवली. दुसरा वाचला. त्यांचा हात गळ्यातल्या चकतीवर गेला.

"हां," त्या म्हणाल्या. "ती ती."

"आणि तुम्ही कोण?"

"मी पन चांगुना. मागनं आलेली."

मग त्यांनी सांगितलं.

"मी लगीन करून आली तवा सुमन सा महिन्यांची व्हती. माजा म्हायेरचा नाव जानकी. सासू बोलली, पोरीला आई मेल्याचा कदी कललाच नाय पायजे. घरात चांगुना नाव चालतंय, तेच चालू दे. लग्नात तांदलावर तोच नाव लिवला. रेशनकाडावर तिचा नाव व्हताच, तो पन तसाच ठेवला. तिच्या नावाची साखर मी खाल्ली. आनि हा टाक गल्यात घातला. हा ती."

मला टाक म्हणजे देवघरातले माहीत होते, देवाची आकृती ठोकलेले चांदीचे पत्रे. पण पहिली बायको वारली आणि दुसरी आली, की पहिलीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात, हे मी लहानपणी आजोळी ऐकलं होतं आणि विसरून गेले होते. गेलेलीचा मान राहावा, तिने नव्या संसाराला दृष्ट लावू नये म्हणून. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. जेवायला बसताना पहिला घास तिचा.

"मी तिला कदी बगितला नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "पन एवडी वर्सं तिच्यासंगं जेवतेय. तिला न इचारता मी कायबी करत नाय. आता तिचीच पोर बालंत व्हनार. तिला घरी ठेवून मी एकली कशी जाऊ?"

तेव्हा मला दुसऱ्या फॉर्मचा अर्थ लागला. वीज आली, पंखा फिरायला लागला आणि मला जरा बरं वाटलं.

"सुमनला माहीत आहे?"

"नाय."

"गावात कोणी सांगितलं नाही?"

"सासूनी सगल्यांना शप्पत घातलेली. जे जानत व्हते ते बरेचसे गेले पन."

आता माझ्या डोक्यातली टायपिस्ट जागी झाली. कागद म्हणून पाहिलं तर फाइल सुरेख होती. दाखल्यावर आई चांगुणा. पासपोर्टवर चांगुणा. दुसरा उतारा ड्रॉवरमध्ये टाकला की काम संपलं. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलंही. ही माझी त्या प्रकरणातली चूक, आणि ती मी केली.

चांगुणाबाईंनी दुसरा उतारा परत माझ्यापुढे सरकवला.

"सायबानी इचारला, ही तुज्या पोटची काय, तर काय सांगू?"

"हो म्हणायचं."

"हिच्या समोर?" त्यांनी टाक मुठीत धरला. "ती मेली तो कागद तू लपवनार. जन्म दिला तो पन माज्या नावावर लिवनार. मंग तिचा काय ऱ्हायला?"

मला लाज वाटली. शिवाय साहेबाला पुढेमागे कळलं तर खोट्या नात्याबद्दल कायमची बंदी, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी तो सल्ला दिला होता.

मग खरं लिहायचं ठरलं. पण खरं लिहायचं म्हणजे सुमनचं इन्व्हिटेशन लेटर बदलायला हवं. आमच्या धंद्यात पत्र आणि दाखला एकमेकांशी जुळले नाहीत तर फाइल मेली. सुमनने स्वतःच्या सहीने लिहायला हवं होतं, की ही माझी सावत्र आई आहे. त्यासाठी तिला ते आधी कळायला हवं. नववा महिना तोंडावर आलेल्या, अंथरुणावर पडलेल्या बाईला.

"सांगितला तर पोर माजी ऱ्हाईल काय?" चांगुणाबाईंनी विचारलं. "आनि नाय सांगितला तर मी पोचनार नाय. तिला अकराव्या दिवशी काय झाला तर?"

मी अमेरिकेचा ट्रंक कॉल लावला. त्या काळी एक्स्चेंजला नंबर देऊन वाट बघत बसायचं. संध्याकाळचे सात वाजले, म्हणजे तिकडे सकाळ. चांगुणाबाई टाक ओठांशी धरून बसून होत्या. फोन वाजला.

आधी मी बोलले. "सुमनताई, मी वाशीहून, तुमच्या आईची फाइल करतेय. इन्व्हिटेशन लेटर नवं लागेल. नातं लिहिलंय तिथे बदल करावा लागणार आहे. काय तो आईच सांगेल." आणि रिसीव्हर चांगुणाबाईंच्या हातात दिला.

"सुमन," त्या म्हणाल्या.

उपग्रहावरच्या त्या लाइनींना एक खोड होती. आपलाच आवाज क्षणभराने आपल्याला परत ऐकू यायचा. मी हाताच्या अंतरावर होते. रिसीव्हरमधून बारीक आवाज आला, "सुमन." चांगुणाबाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच खूण केली, काही नाही, बोला.

त्या बोलल्या नाहीत. त्यांनी तोंडात पदराचा बोळा धरला आणि रडायला लागल्या. रिसीव्हर कानाला तसाच. मी "सांगा, सांगा" म्हणत होते आणि घड्याळ बघत होते, कारण कॉल तीन मिनिटांचा. त्या नुसत्या हुंदके देत होत्या. तीन मिनिटं झाली, ऑपरेटर काहीतरी बोलली आणि लाइन कट झाली.

"मना नाय जमला, बाय," त्या म्हणाल्या.

"मग पत्राने कळवू." मी लगेच एक पत्र टाइप केलं, सुमनसाठी, सगळा खुलासा करून. त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आज नको धाडू. मना इचारू दे." कोणाला विचारू दे, ते मी विचारलं नाही. पत्र आणि मृत्यूचा उतारा ड्रॉवरमध्ये ठेवून मी कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये असे.

चांगुणाबाई दोन आठवडे फिरकल्या नाहीत. मला वाटलं, त्यांनी जायचा विचार सोडला. मला वाईट वाटलं, आणि थोडं हायसंही वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दुसऱ्या खुर्चीवर मी कपाट रंगवणाऱ्यालासुद्धा बसू दिलं नव्हतं.

मग एका सकाळी त्या आल्या. हातात निळा-लाल कडांचा एअरमेलचा लिफाफा. फोडलेला नव्हता.

"सुमनचा हाय. तू वाच."

मी आधी सवयीने शिक्का पाहिला. आमच्या फोनच्या दुसऱ्या दिवशीचा. आत दोन कागद होते. पहिला इंग्रजीत, टाइप केलेला, साहेबासाठी. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : माझी सावत्र आई श्रीमती चांगुणाबाई म्हात्रे, जिने मला मी सहा महिन्यांची असल्यापासून वाढवलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. दुसरा कागद मराठीत, हाताने लिहिलेला. तो मी मोठ्याने वाचला.

"आई, काल तू फोनवर सांगितलंस ते ऐकल्यापासून झोप नाही. मी अकरा दिवसांची असताना ती गेली, हे कळायला तीस वर्षं लागली. तुझ्यावर खूप रागावले होते. मग पहाटे बाळ आत हललं आणि मला तूच आठवलीस, ती कुठून आठवणार? सोबतच्या पत्रात सावत्र लिहिलंय ते साहेबाला दाखवण्यापुरतं. तू लवकर ये. मला फार भीती वाटते."

चांगुणाबाई डोळे पुसत होत्या. मी मात्र विचारायचं सोडलं नाही.

"तुम्ही परत फोन केलात?"

"कुटनं करू? गावात फोन नाय."

"कोणाकडून पत्र लिहून घेतलंत?"

"नाय."

"अहो, मग तिला सांगितलं कोणी? अकरा दिवस, सहा महिने, हे तिला कसं कळलं?"

"तिची पोर हाय. तिनीच सांगला आसंल," त्या म्हणाल्या. जशी शेजारीण निरोप देऊन गेली असावी.

मी पर्समधून किल्ली काढली आणि ड्रॉवर उघडला. माझं पत्र तिथेच होतं. मृत्यूचा उतारा त्याच्या खाली. गावातल्या कुणालाही नेमका आकडा माहीत असायचं कारण नव्हतं. खुद्द चांगुणाबाईंनाही मी उतारा वाचून दाखवेपर्यंत दहा-बारा दिवस एवढंच माहीत होतं. मी दोन दिवस यावर डोकं शिणवलं. मग सोडून दिलं, कारण बाळंतपणाला महिनाच उरला होता आणि माझ्याकडे अखेर एकमेकांशी जुळणारे कागद होते.

फाइल पुरी केली. जन्माचा उतारा, मृत्यूचा उतारा, लग्नाबद्दल गावातल्या दोन म्हाताऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, गावच्या घराच्या घरपट्टीची पावती, सुमनची पत्रं. पहाटे वकिलातीसमोर रांग लावायला मी स्वतः त्यांच्याबरोबर गेले. आत अर्जदारालाच सोडतात, म्हणून बाहेर थांबले. दोन तासांनी त्या आल्या.

"काय विचारलं?"

"सायबानी इचारला, सावत्र पोरीसाटी एवडी लांब कशाला जातेस? मी बोलली, जन्म एकीनी दिला, वाडवली दुसरीनी. पोर दोगींची हाय. मंग इचारला, परत कवा येनार? मी बोलली, गनपतीला. घरचा गनपती माज्याबिगर कोन आननार?"

"मग?"

"मंग हसला आनि शिक्का मारला."

त्या बाळंतपणाच्या अठरा दिवस आधी पोचल्या. मुलगी झाली. सुमन आणि बाळ सुखरूप. अकरावा दिवस मावळेपर्यंत आई माझ्या खाटेपासून हलली नाही, असं सुमनने मला कार्डावर कळवलं. गणपतीच्या चार दिवस आधी चांगुणाबाई परत आल्या. नात्याच्या बाबतीत या फाइलने मला एक गोष्ट शिकवली. तेव्हापासून जन्माचा उतारा काढायला गेले, की मी पुढचं पानही उलटून बघते.

सुमन दोन वर्षांनी आली. मुलीला घेऊन मुद्दाम माझ्या ऑफिसात आली, पेढे दिले. ठसठशीत, स्पष्ट बोलणारी बाई. निघताना दारात थांबली.

"मॅडम, एक विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी फोनवर आई इतकं शांतपणे सगळं सांगत होती. एकदाही अडखळली नाही. पण मागे कोणीतरी सारखं रडत होतं. ते कोण होतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कडेवरची मुलगी दुसऱ्या खुर्चीकडे बघून हसत होती.

"मीच," मी म्हटलं. "मला भरून आलं होतं."

माझ्या नोकरीधंद्यात मी दिलेलं ते एकमेव खोटं स्टेटमेंट.